उन्हाळ्याची कामे आणि परसातली बिऱ्हाडे

महाराष्ट्रात उन्हाळ्याची घरकामे आणि पाखरांची वीण एकाच वेळी येतात. मार्चअखेर वाळवणे सुरू होतात, एप्रिलात माळ्यावरची अडगळ निघते, मे महिन्यात झाडांची छाटणी, कौलांची डागडुजी, टाक्यांची सफाई आणि पावसाळ्याच्या सरपणाची बेगमी. नेमक्या याच दिवसांत बुलबुल, शिंजीर, शिंपी, दयाळ, साळुंकी आणि कावळे घरटी करतात, माळ्यावर खारीची पिल्ले वाढतात, पाण्याच्या आणि गारव्याच्या शोधात साप-विंचू मोरीपर्यंत येतात. मीटरच्या पेटीतले घरटे काढू का, पिल्लू खाली पडले आहे, हात लावू का, रांजणाशेजारी धामण बसली आहे, आता काय, हे वाचकांचे नेहमीचे प्रश्न या गाठीतून निघतात. यासाठी कामे सोडून द्यावी लागत नाहीत. त्यांची वेळ आणि क्रम बदलला की बहुतेक वेळा भागते. पुढची मांडणी म्हणूनच दिवसाच्या क्रमाने आहे.

पहाटे आधी बघा, मग कामाला लागा

उजाडल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत परसात सर्वाधिक हालचाल असते. ऊन चढले की पाखरे सावलीत चोच उघडी टाकून बसतात आणि दिसेनाशी होतात. छाटणी किंवा साफसफाई करायची असेल त्या दिवशी चहाचा कप घेऊन अर्धा तास एका जागी बसावे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. पाखराच्या चोचीत काय आहे, एवढे पाहिले तरी घराची स्थिती कळते:

- काडी, कापूस, कोळ्याचे जाळे किंवा वाळके गवत असेल तर घरटे बांधायचे चालू आहे. त्या जागी काम अनिवार्यच असेल तर ते आजच उरकावे. अंडी पडण्यापूर्वी जागा गैरसोयीची झाली, तर पाखरू बहुधा दुसरीकडे बांधते.
- अळी, नाकतोडा, कोळी चोचीत धरून पाखरू वारंवार एकाच झुडपात शिरत असेल तर आत पिल्ले आहेत.
- झुडपातून बाहेर पडताना चोचीत पांढरी गोळी दिसली तर ती पिल्लांची विष्ठा. पिल्ले आहेत, याची ही सर्वांत पक्की खूण.
- काहीच न नेता पाखरू तासन्‌तास गडप होत असेल तर ते अंड्यांवर बसले आहे.

घरटे कळले की जवळ जाऊन फांदी बाजूला करून पाहू नये. माणूस ज्या वाटेने गेला त्या वाटेकडे कावळा आणि मांजर दोघांचेही लक्ष असते.

घरटी कुठे असतात, हे माहीत असले की अर्धे अपघात टळतात. शिंजिराचे घरटे व्हरांड्याच्या तारेला, बोगनवेलीला किंवा वाळत घालायच्या दोरीला लोंबत असते. कोळ्याची जाळी, सालपटे, वाळकी पाने, कागदाचे कपटे असे काहीबाही चिकटवलेली ती लांबट पिशवी दिसायला निव्वळ जळमट, म्हणून केरसुणीने सर्रास ओढली जाते. ते घरटे मादी एकटी बांधते आणि अंड्यांवरही तीच बसते. निळ्या-काळ्या झळाळीचा नर पुढे पिल्लांना भरवायला येतो. शिंपी एक-दोन रुंद पाने कडेने शिवून त्यात घरटे करतो, त्यामुळे पेरू-लिंबाची फांदी हातात आल्यावरच ते दिसते. बुलबुलाची वाटी मेंदीच्या कुंपणात, कुंडीतल्या वेलीत, कधी दिव्याच्या पट्टीवरही असते. दयाळ, चिमणी आणि साळुंकीला भोक लागते: मीटरची पेटी, भिंतीतला नळ, एसीसाठी पाडलेले भगदाड.

आंब्याच्या शेंड्यावर कावळ्याचे काड्यातारांचे घरटे असेल तर कोकीळेवर नजर ठेवावी. काळा कुळकुळीत नर ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, आणि ठिपक्यांची तपकिरी मादी तेवढ्यात अंडे घालून जाते. पुढे कावळी एका परक्या पिल्लाला भरवताना दिसली तर त्यात हस्तक्षेप करण्यासारखे काही नाही.

बुलबुलाची अंडी उबायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात आणि पिल्ले उडायला जवळपास तेवढेच. शिंजीर आणि दयाळ यांचेही गणित महिन्याच्या आसपास बसते. म्हणजे अंडी असलेल्या झुडपाची छाटणी महिनाभर पुढे ढकलली की प्रश्न मिटला. खारीला मात्र थांबणे जास्त लागते. तिची पिल्ले सुमारे दोन-अडीच महिने आईवर अवलंबून असतात.

वाळवणे आणि राखण

कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या, कोकणात आमसुले, आंबोशी, फणसपोळी: ऊन आणि पाखरू दोन्ही एकाच गच्चीवर येतात. काळी छत्री किंवा चकाकणारी पट्टी दोन-तीन दिवस चालते, मग कावळा तिच्यावरच येऊन बसतो. मेलेला कावळा टांगण्याची जुनी रीत सोडून द्यावी. आरोग्याला ती वाईट, आणि कावळ्याला मारणे आता कायद्यातही बसत नाही. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बाजेवर वाळवण पसरून वरून जुने धुतलेले पातळ किंवा मलमल ताणून चारी बाजूंनी बांधणे. वारा आणि ऊन आत जाते, धूळ आणि खार बाहेर राहते. बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांसाठी विषारी पावडर टाकावी लागत नाही. ती पावडर वाऱ्याने वाळवणावरच येते.

नायलॉनची मासेमारीसारखी जाळी वापरू नये. तिच्यात खार, सरडा आणि रात्री साप अडकतात, आणि अडकलेला साप सोडवणे घरच्यांचे काम नव्हे. फणसपोळीवर किंवा उन्हातल्या साखरांब्याच्या बरणीवर येणाऱ्या लहान मधमाश्या बहुधा सातेरी किंवा फुलोरी असतात. त्यांना झटकू नये. बरणीला दुहेरी फडके बांधले आणि थोड्या अंतरावर खडे टाकलेली पाण्याची ताटली ठेवली की त्या तिकडे वळतात.

पाण्याचे भांडे

मार्चमध्ये मातीची भांडी वाटण्याचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे निघतात, आणि एप्रिलात त्यातली बरीच भांडी कोरडी पडलेली असतात. पाखरे त्या जागेवर विसंबायला लागल्यावर भांडे कोरडे राहिले तर ती भर उन्हात फुकट फेरी मारतात. रोज भरता येत असेल तरच भांडे ठेवावे.

- भांडे उथळ हवे, खोली चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे नको. मध्ये खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाशी आणि लहान पाखरू बुडत नाही.
- जागा सावलीची, पण झुडपापासून दोन-तीन मीटर दूर. मांजराला दबा धरायला आडोसा मिळता कामा नये.
- जमिनीवर ठेवलेल्या पाण्याला बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. घराच्या दारापासून भांडे लांब असावे.
- पाणी रोज बदलावे. आठवड्यातून एकदा तरी भांडे काथ्याने घासून पूर्ण वाळवावे. डेंग्यूच्या डासाची पिढी साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होते, आणि घरात अळ्या सापडल्या तर पालिका नोटीस देऊ शकते.

धान्य टाकण्याची गरज नसते. उन्हाळ्यात किडे, फळे, फुलांतला मध मुबलक असतो. शहरात टाकलेल्या ज्वारी-बाजरीवर चिमण्यांऐवजी पारवे जमतात. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला, त्याची घरगुती आवृत्ती प्रत्येक सोसायटीत आहे. पाणी ठेवल्याने ते भांडण होत नाही.

कूलर, पंखा, टाकी, विहीर

विदर्भ-मराठवाड्यात कूलर बाहेर काढण्याआधी त्याची मागची बाजू उघडून पाहावी. वर्षभर बंद असलेल्या कूलरमध्ये पारव्याचे घरटे, गांधीलमाशीचे पोळे, वाळ्याच्या ताटीत पाल हे नेहमीचे. गांधीलमाश्या असतील तर अंधार पडल्यावर, त्या सुस्त असताना, जाणकाराकडूनच काढून घ्याव्यात. चिमण्यांनी घरात घरटे केले असेल त्या खोलीतला छताचा पंखा पिल्ले उडेपर्यंत बंद ठेवून टेबल पंखा वापरावा. मीटरच्या पेटीतले घरटे हा वेगळा प्रश्न आहे, कारण वाळके गवत आणि विजेची ठिणगी यांची संगत धोक्याची. पेटी स्वतः उघडू नये. वीज कंपनीच्या माणसाला बोलवावे. अंडी-पिल्ले नसतील तर घरटे काढून भोक जाळीने बुजवता येते. अंडी किंवा पिल्ले असतील तर वनखात्याला विचारून निर्णय घ्यावा.

टाकीचे झाकण निसटलेले असेल तर तहानलेली खार किंवा साळुंकी आत पडते आणि गुळगुळीत भिंतीवरून वर येऊ शकत नाही. झाकण बसवणे हा उपाय. उघडा हौद, आड किंवा विहीर असेल तर एक जाड दोर किंवा लाकडाची फळी तिरकी सोडून ठेवावी. एवढ्यावर कितीतरी खारी, मुंगूस आणि सरडे वाचतात.

छाटणी आणि कायदा

स्वतःच्या आवारातले झाड म्हणजे स्वतःची मर्जी, हा समज सर्वांत महाग पडतो. शहरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत फांद्या छाटणे, जाळणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून, म्हणजे व्यवहारात पालिकेच्या उद्यान विभागाकडून घ्यावी लागते. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे आणि आंबा, चिंच, मोह, सागवान, खैर, हिरडा यांसारखी झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. कुऱ्हाड लावण्याआधी तलाठी किंवा वनपालाकडे चौकशी करावी.

दुसरा कायदा घरट्याचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नेणे किंवा फोडणे आणि अंड्या-घरट्यांना त्रास देणेही धरले आहे. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी कावळा आणि फलाहारी वटवाघूळ ‘उपद्रवी’ यादीत होते. ती यादीच आता राहिलेली नाही. देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे, मुनियांची जोडी विकत घेणे, खारीचे पिल्लू ‘वाढवू’ म्हणून ठेवून घेणे, यांतले काहीच घरगुती हौस म्हणून कायद्यात माफ नाही.

सोसायटीने मेमध्ये सरसकट छाटणी ठरवली असेल तर रहिवाशाने काय करावे? परवानगीपत्र पाहायला मागावे. कोणत्या झाडांच्या किती फांद्यांना परवानगी आहे ते वाचावे. घरटी असलेल्या झाडांची छायाचित्रे लेखी अर्जासोबत समितीला आणि उद्यान विभागाला द्यावीत. ‘ही दोन झाडे जूनअखेर ठेवा, बाकीची आज करा’ असा मार्ग सुचवला की समिती सहसा ऐकते. विजेच्या तारेवर झुकलेली किंवा मोडकी फांदी मात्र थांबवू नये. वळवाच्या पावसात ती घरट्यासकट खाली येते, आणि कोणाच्या तरी अंगावर.

दुपारी, माळ्यावर

बारा ते चार उन्हात काम करू नये. ही वेळ माळा आणि कपाटांची. खारीचे घरटे गोधडीचा कापूस, सुतळी आणि गवत यांचा गोळा असतो. पिल्ले डोळे मिटलेली, बिनकेसांची असतील तर गोळा होता तसा ठेवून माळ्याचा तेवढा कोपरा सोडावा. घरटे हलवणे टाळता येत नसेल तर खोक्यात गोळा जसाच्या तसा ठेवून खोके त्याच माळ्यावर, दोन-तीन हातांवर ठेवावे आणि दूर व्हावे. आई पिल्लांना तोंडात धरून नव्या जागी नेते.

उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकू नयेत. विष खाल्लेला सुस्त उंदीर गव्हाणी घुबड, पिंगळा, धामण किंवा मुंगूस सहज पकडतात आणि तेच विष त्यांच्या पोटात जाते. उंदीर फुकट मारणारे चौघे घालवून मग वड्यांवर दरवर्षी पैसे खर्च करण्यात काही शहाणपण नाही. पिंजरा पुरतो.

पडलेले पिल्लू

आधी पिसे बघा. अंगावर पिसे नाहीत, डोळे मिटलेले आहेत, तर पिल्लू घरट्यातून पडले आहे. हाताने उचलून घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. घरटे मोडले असेल तर छोट्या टोपलीत वाळके गवत घालून ती त्याच फांदीला, सावलीत बांधावी आणि तासभर लांबून पाहावे.

पिसे आली आहेत, शेपूट आखूड आहे, उड्या मारते पण उडत नाही, असे पिल्लू हरवलेले नसते. ते उडायला शिकत आहे आणि आई-बाप जवळच आहेत. त्याला फक्त वाटेतून उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि पाळीव मांजर दोन-तीन दिवस घरात कोंडावे. उन्हाळ्यात अशी निष्कारण ‘वाचवलेली’ पिल्ले कितीतरी घरांत मरतात, कारण त्यांना दूध, पोळी किंवा ड्रॉपरने पाणी दिले जाते. चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते.

उष्म्याने कोसळलेले मोठे पाखरू, उदाहरणार्थ घार, टॉवेल टाकून धरावे, भोके पाडलेल्या खोक्यात अंधार करून गार जागी ठेवावे, आणि ‘हॅलो फॉरेस्ट’ या राज्याच्या वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मेमध्ये स्थलांतर करून येणारा नवरंग थकून थेट दिवाणखान्यात शिरतो. त्यालाही हेच लागू. संध्याकाळपर्यंत तरतरीत झाला तर झाडीजवळ सोडता येतो.

कौले, सरपण, पालापाचोळा

ही कामे सकाळी किंवा साडेचारनंतर, उजेड असेतोवर संपवावीत. कौलांच्या आणि गोवऱ्यांच्या सांदीत विंचू असतो, लाकडाच्या ढिगात कधी मण्यार. जाड बूट आणि हातमोजे घालावेत, ढीग वरून उतरवावा, खालचे लाकूड ओढू नये, काठीने आधी हलवून मग हात घालावा. नवी रास भिंतीला टेकवू नये. विटांवर उंच रचावी, म्हणजे खालून झाडता येते.

कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाकडे दुर्लक्ष नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध रूढ केले आणि त्याने मृत्यू पुष्कळ घटले. पण औषध वेळेत मिळायला हवे. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे दिसले तर, विशेषतः लहान मुलांत, उतारा-मंत्र यांत एक मिनिटही घालवू नये.

पालापाचोळा पेटवू नये. अनेक शहरांत तो जाळण्यावर दंड आहे. शिवाय ढिगात बेडूक आणि सापसुरळ्या असतात. खड्ड्यात टाकून वर शेणपाणी शिंपडले की पावसाळ्यात खत होते.

झाडावर किंवा गच्चीच्या कडेला आग्या मोहोळ असेल तर त्याखाली धूर, फटाके, ढोल काहीच नको. आग्या माश्या हंगामाप्रमाणे जागा बदलतात. महिना-दोन महिने वाट सोडून चालले तर त्या आपण होऊन जातात. हल्ला झालाच तर तोंड झाकून बंद खोलीत पळावे. हात झटकत उभे राहू नये.

साप दिसला तर

अंगणात दिसला तर पाच-सहा मीटर लांब राहून जाऊ द्यावा. घरात शिरला तर आतल्या खोल्यांची दारे लावून फटीत टॉवेल घालावा, बाहेरचे दार उघडे ठेवावे, एकाने लांबून नजर ठेवावी आणि दुसऱ्याने १९२६ वर किंवा परिसरातल्या अनुभवी सर्पमित्राला फोन करावा. परसात सर्वांत जास्त दिसते ती धामण. ती बिनविषारी आहे, उंदरांवर जगते, आणि लांबीमुळे तिला नाग समजून मारले जाते. उलट चूक घोणसाबाबत होते: अजगराचे पिल्लू म्हणून लोक तो हातात धरतात. ओळख पटवण्याचा प्रयत्न न करणे हेच बरे. साप मारणे आणि बाळगणे गुन्हा आहे. जिवावर बेतल्यावर स्वसंरक्षणासाठी केलेली कृती कायदा गुन्हा मानत नाही, पण कोपऱ्यात बसलेल्या सापाला काठीने ठेचणे त्यात बसत नाही.

रात्री अंगणात झोपताना

उकाड्याने माणसे जमिनीवर अंथरूण टाकतात आणि मण्यार रात्रीच फिरते. बाज वापरावी, मच्छरदाणी गादीखाली खोचावी, अंथरूण भिंतीपासून सुटे ठेवावे, पायांत चप्पल आणि हातात विजेरी घेतल्याशिवाय उठू नये.

दंश झाल्यास:

- अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत. अवयव फळीने बांधून स्थिर ठेवावा. रुग्णाला चालवू नये.
- करकचून दोरी बांधणे, कापणे, चोखणे, पाला चोळणे यांतले काही करू नये.
- १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे. निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का ते विचारावे.
- साप मारून न्यायची गरज नाही. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्रच चालते. डॉक्टर लक्षणांवरून आणि २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवरून ठरवतात.
- दंशाची वेळ लिहून ठेवावी.

मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही आणि सूजही येत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने जागा झाला, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे किंवा गिळणे अडू लागले, तर दाताची खूण सापडो न सापडो, सर्पदंश धरून त्याला थेट रुग्णालयात न्यावे आणि रात्री तो जमिनीवर झोपला होता, हे डॉक्टरांना आधी सांगावे.